भिंतीवर कॅल्क्युलस, फळ्यावर आव्हान

विद्यापीठाची पायरी चढण्याआधीच वरच्या गणिताची चटक लागलेल्या पोरापोरींचे काही खरे किस्से.

डब्लिनचा पोरगा मराठी शिकतो

विल्यम रोवन हॅमिल्टन हे नाव फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. ‘हॅमिल्टोनियन’ डोक्यावरून गेलेले तर त्याला विसरूच शकत नाहीत. १८०५ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा मुलगा दहाएक वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी एक पत्र लिहिलं आणि त्यात चिरंजीवांना येणाऱ्या भाषांची यादी दिली. हिब्रू, फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्तानी, बंगाली आणि ‘महरट्टा’. म्हणजे आपली मराठी! बापाच्या कौतुकातून रुपयातले आठ आणे वजा केले तरी उरतं ते थोडं नाही. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरला छापून निघालं तेही १८०५ सालीच. पोरगा आणि पुस्तक एकाच वयाचे.

त्याआधी, १८१३ साली, डब्लिनला झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन पोरगा आला होता. हॅमिल्टनपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठा. तोंडी गणितं करून दाखवायचे त्याचे जाहीर खेळ होत. ४२९४९६७२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे त्याने मनातल्या मनात काढल्याची नोंद आहे. (पडताळून बघा, दुसरा अवयव ६७००४१७ येतो.) या दोघांची आकडेमोडीत जुंपली आणि भाषापंडित हॅमिल्टन हरला. त्या हरण्यानंतर आकड्यांनी त्याच्या डोक्यात घर केलं. सोळा-सतराव्या वर्षी तो फ्रेंच गणिती लाप्लासचा खगोलयांत्रिकीवरचा जाडजूड ग्रंथ वाचत होता आणि त्यातल्या एका सिद्धतेत त्याने चूक काढली. ट्रिनिटी कॉलेजात नाव घातलं त्यानंतर, १८२३ मध्ये. पदवी हातात पडायच्या आत, १८२७ मध्ये, तिथेच खगोलशास्त्राचा प्राध्यापक. मराठीचं पुढे काय झालं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

वॉलपेपर कमी पडला म्हणून

सोफिया कोवालेव्हस्कायाच्या वडिलांनी, म्हणजे रशियन सैन्यातल्या एका जनरलसाहेबांनी, गावाकडचा वाडा सजवायला घेतला. सगळ्या खोल्यांना वॉलपेपर पुरला, मुलांची खोली तेवढी राहिली. एका खोलीसाठी पीटर्सबर्गहून नवा कागद कोण मागवणार? माळ्यावर रद्दी होती, ती चिकटवली. ती रद्दी म्हणजे साहेबांनी तरुणपणी विकत घेतलेली गणिती ओस्त्रोग्राद्स्कीची विकलन-संकलनावरची, म्हणजे कॅल्क्युलसवरची, छापील व्याख्यानं.

छोटी सोफिया तासन्‌तास त्या भिंतीसमोर उभी राही. कोणत्या पानानंतर कोणतं पान येत असेल, ते जुळवत बसे. अर्थ काही लागत नव्हता, पण चिन्हं डोळ्यांत बसली. पंधराव्या वर्षी पीटर्सबर्गला शिकवणी लावली, तेव्हा मास्तर चाट पडले. मुलीला कॅल्क्युलसच्या कल्पना जणू आधीच ठाऊक होत्या!

मला यापेक्षा आवडतो तो तिचा दुसरा किस्सा. शेजारी राहणाऱ्या प्राध्यापकांनी आपलं भौतिकशास्त्राचं पुस्तक भेट दिलं. त्यात ‘साइन’ आली, आणि सोफियाला त्रिकोणमिती कोणी शिकवलेलीच नव्हती. तिने वर्तुळाची जीवा घेऊन त्या ‘साइन’चा अर्थ स्वतःच लावला. लहान कोनांना तो जमतोही. प्राध्यापकांनी तिच्या वडिलांना गाठून सांगितलं, पोरीला शिकवा. १८७४ मध्ये ग्यॉटिंगेनने तिला गणिताची डॉक्टरेट दिली. असा मान मिळवणारी आधुनिक युरोपातली ती पहिली स्त्री.

मेणबत्त्या जप्त

आपल्याकडे पोराला गणिताला बसवायला क्लासची फी भरावी लागते. पॅरिसमध्ये सोफी जर्मेनला गणितावरून उठवायला आईबापांनी काय काय केलं बघा. १७८९ सालची गोष्ट. बाहेर राज्यक्रांतीचा धुमाकूळ, तेरा वर्षांची सोफी घरात अडकलेली. वडिलांच्या पुस्तकांत तिने आर्किमिडीजच्या मृत्यूची हकीकत वाचली. भूमितीत गढलेला माणूस शत्रूच्या सैनिकाकडेही लक्ष देत नाही, म्हणजे त्या विषयात काहीतरी असलंच पाहिजे, असं तिने ठरवलं. मुलीच्या जातीला गणित कशाला, म्हणून आईवडिलांनी रात्रीची शेकोटी बंद केली, गरम कपडे काढून घेतले, मेणबत्त्या उचलल्या. मुलगी पांघरूण गुंडाळून लपवलेल्या मेणबत्तीवर अभ्यास करताना सापडली. दौतीतली शाई गोठलेली होती. शेवटी घरचेच हरले.

पुढे एकोल पॉलितेक्निक निघालं, पण मुलींना तिथे प्रवेश नव्हता. सोफीने ‘मस्यू लब्लाँ’ या पुरुषी नावाने लाग्रांजसारख्या बड्या गणितीला टिपणं पाठवली. ती पाहून लाग्रांज लेखकाला भेटायला निघाला आणि समोर आली मुलगी.

स्कॉटलंडमध्ये मेरी सोमरव्हिलची वेगळीच तऱ्हा. बीजगणिताशी तिची पहिली ओळख झाली ती बायकांच्या फॅशनच्या मासिकात! पानाच्या कोपऱ्यात कोडं होतं आणि त्यात क्ष-य. हे काय प्रकरण आहे, असं विचारत विचारत तिने भावाच्या मास्तरांकरवी युक्लिड मागवला. मेणबत्त्या फार संपतात, अशी घरात कुरकुर झाली आणि इथेही जप्ती आली. तोवर युक्लिडची पहिली सहा पुस्तकं वाचून झाली होती, त्यामुळे मेरी अंधारात पडल्या पडल्या एकेक प्रमेय मनात सोडवू लागली. याच बाईंनी पुढे लाप्लासचा तो ग्रंथ इंग्रजीत समजावून सांगितला, १८३१ मध्ये, आणि केंब्रिजचे विद्यार्थी तो वाचून शिकले.

ब्लेझ पास्कालच्या वडिलांनी तर गणिताची पुस्तकंच घरातून हलवली होती. आधी भाषा, गणित पंधराव्या वर्षानंतर, असा त्यांचा बेत. पोराने बाराव्या वर्षी स्वतःच भूमितीला हात घातला आणि सोळाव्या वर्षी शांकवांवर निबंध छापला.

गाइड वाचून रामानुजन

श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या शाळेत असताना, १९०३ च्या सुमारास, त्यांच्या हाती जी. एस. कार यांचं पुस्तक पडलं. त्या पुस्तकाचा पुढे इतका गाजावाजा झाला, की तो कोणी महाग्रंथ असावा असं वाटतं. खरं म्हणजे कार हे परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी शिकवणीवाले होते आणि पुस्तक म्हणजे सुमारे ५००० सूत्रांची जंत्री. स्पष्टीकरण जवळपास नाहीच. आजच्या भाषेत, क्लासवाल्यांचं गाइड!

बाकीच्या पोरांनी सूत्रं पाठ केली असती. रामानुजन प्रत्येक सूत्र खरं का, ते स्वतः काढत बसले. पुस्तकात सिद्धता नव्हत्या हीच त्यांची चैन झाली. त्याआधी, तेराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी एस. एल. लोनी यांची त्रिकोणमिती उरकली होती. तो लोनी आजही पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात मागा, दुकानदार वर न बघता काढून देईल. जेईईवाली पोरं तो अजून सोडवतात.

या अभ्यासाचं बक्षीस काय मिळालं? कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांकडे ढुंकून न बघितल्याने शिष्यवृत्ती गेली आणि एफ.ए.ची परीक्षा नापास.

परीक्षकांची फजिती

नापासांच्या यादीत रामानुजन एकटे नाहीत. फ्रेंच गणिती एव्हारिस्त गॅल्वाने एकोल पॉलितेक्निकची प्रवेश परीक्षा दोनदा दिली आणि दोन्हीदा आपटला. त्याचा पहिला शोधनिबंध एप्रिल १८२९ मध्ये छापून आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. विसाव्या वर्षी द्वंद्वात मेला. जो सिद्धांत त्याने मागे ठेवला, तो आज एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमाला असतो आणि पोरांना घाम फोडतो.

उलट आइन्स्टाइनबद्दलची अफवा. ‘तोसुद्धा गणितात नापास झाला होता’ हे वाक्य प्रत्येक निकालानंतर घरोघरी ऐकू येतं. ते साफ खोटं आहे. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत आपलं विकलन-संकलन पक्कं झालं होतं, असं त्याने स्वतः सांगितलंय. सोळाव्या वर्षी झुरिकच्या प्रवेश परीक्षेत तो अडकला, पण गणित-विज्ञानात नव्हे, बाकीच्या विषयांत. तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही करताना दुसरं उदाहरण शोधा.

नील्स आबेलची गोष्ट या सगळ्यांत मला सरस वाटते. नॉर्वेतला हा पोरगा शाळेतच, १८२१ मध्ये, म्हणाला की पंचघाती समीकरण सोडवायचं सूत्र सापडलं. दोनशे-अडीचशे वर्षं लोक ते शोधत होते. शाळेतल्या मास्तरांना चूक दिसेना, राजधानीतल्या प्राध्यापकांना दिसेना. कागद कोपनहेगनला देगेन नावाच्या गणितज्ञाकडे गेले. चूक त्यांनाही सापडली नाही, पण ते शहाणे. त्यांनी एवढंच कळवलं, की आकडे घालून एक उदाहरण सोडवून दाखव. आबेल उदाहरण करायला बसला आणि चूक त्याची त्यालाच सापडली. तीन वर्षांनी त्याने सिद्ध केलं, की असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही.

मोरूमामांचा फळा

आता बनारसला चला. जयंत नारळीकरांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख. घरात भिंतीवर मुलांसाठी फळा. मामा मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, एम.एस्सी. करायला बहिणीकडे राहायला आले. ते फळ्यावर अधूनमधून एखादं गणित लिहून ठेवत आणि वर मथळा देत, ‘चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन’. भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. जाता-येता, जेवताना, खेळून आल्यावर ते गणित समोर दिसतंच. गणितं शाळेच्या पुस्तकातली नसत. या भाचेसाहेबांनी १९५९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, होऊन दाखवलं.

फळ्याचा असाच प्रयोग आयर्लंडमधल्या ब्लार्नी गावात झाला. सेरा फ्लॅनरीचे वडील गणिताचे प्राध्यापक. त्यांनी फळा टांगला थेट स्वयंपाकघरात, आणि त्यावर मुलांसाठी रोज नाही पण बऱ्याचदा कोडी. १९९९ मध्ये सोळा वर्षांची सेरा गुप्तलेखनाची नवी पद्धत मांडून आयर्लंडची तरुण शास्त्रज्ञ ठरली. पद्धतीत पुढे पळवाट निघाली, ती सुरक्षित नव्हती. सेराने त्या पळवाटेची हकीकतही आपल्या पुस्तकात छापली. हे बक्षिसापेक्षा मोठं, असं आपलं माझं मत.

आणि रिचर्ड फाइनमन. तेराव्या वर्षी त्याने लायब्ररीत कॅल्क्युलसचं पुस्तक मागितलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी भुवया उंचावल्या. पोराने थाप मारली, ‘वडिलांसाठी हवंय’. वडिलांनी ते खरोखरच चाळलं आणि त्यांना काही कळलं नाही. हायस्कूलमध्ये बेडरसरांनी ओळखलं, की हा वर्गात गोंधळ घालतो तो कंटाळून. त्यांनी त्याच्या हाती प्रगत कॅल्क्युलसचं पुस्तक ठेवलं आणि मागच्या बाकावर बसवलं. हे सगळं येईस्तोवर बोलायचं नाही! त्या पुस्तकातली संकलनाची एक आडवळणाची युक्ती फाइनमनने आयुष्यभर वापरली आणि इतरांचे अडलेले प्रश्न सोडवून भाव खाल्ला.

मासिकात फोटो

हंगेरीत १८९४ पासून शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक निघतं. नाव ‘क्यॉमाल’. दर महिन्याला प्रश्न, मुलांनी उत्तरं पोस्टाने पाठवायची, आणि वर्षअखेर उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटो अंकात. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर क्लासच्या जाहिरातीत फोटो येतात, तसेच. फरक एवढाच, की तिथे टक्के नव्हे, सिद्धता मोजत. पुढे मोठा गणिती झालेला पाल एर्दोश हा त्याच फोटोंतला एक.

या मासिकाचे संपादक लास्लो राट्झ बुडापेस्टच्या एका शाळेत शिकवत. वर्गात योहान फॉन नॉयमन नावाचा मुलगा आला. राट्झमास्तरांनी त्याच्या वडिलांना सांगितलं, याला माझं गणित पुरणार नाही, आणि विद्यापीठातल्या माणसांकडे शिकवणीची सोय केली. त्यांतले गाबोर सेगो पहिल्या भेटीनंतर घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊन, असं त्यांची पत्नी सांगे. ‘मी पुरणार नाही’ हे कबूल करणारे मास्तर कमीच.

एर्दोशचं आणखी एक सांगायचं. एकापेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या घ्या. ती आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असतेच. याची सुटसुटीत सिद्धता त्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षात दिली, छापून आली १९३२ मध्ये. आता २०२१ मध्ये या. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डॅनियल लार्सन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. मूळ नसूनही मूळ संख्यांचं सोंग घेणाऱ्या काही संख्या असतात, त्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. सगळ्यांत लहान ५६१. त्याही अशाच, पुरेसं मोठं गेल्यावर, प्रत्येक संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये सापडतातच, हे लार्सनने सिद्ध केलं. तज्ज्ञांची बरीच वर्षं रेंगाळलेली अटकळ एका शाळकरी पोराने मिटवली.

एक गुण!

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सात देशांवर सुरू झाली. भारत उतरला १९८९ मध्ये, आणि १९९६ ची ऑलिम्पियाड आपल्या मुंबईत झाली. भारतीय संघाची निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होते. सहा प्रश्न, दोन दिवस, रोज साडेचार तास, प्रत्येकी सात गुण. स्पर्धक विशीच्या आतलाच हवा आणि त्याने विद्यापीठात नाव घातलेलं नको.

गंमत म्हणजे यात कॅल्क्युलस लागत नाही! भूमिती, बीजगणित, संख्या सिद्धांत, मोजणीच्या युक्त्या, बस. आठवीपासून ‘फाउंडेशन बॅच’मध्ये संकलन घोकलेल्या पोराला इथे पहिला प्रश्न वाचून घाम फुटतो.

१९८८ चा सहावा प्रश्न दंतकथा होऊन बसलाय. अ आणि ब या धन पूर्ण संख्या. अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग याला (अब + १) ने पूर्ण भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो, हे सिद्ध करा. प्रश्न निवडणाऱ्या ऑस्ट्रेलियन समितीला तो सुटला नाही. देशातल्या संख्या सिद्धांताच्या चार नामवंत तज्ज्ञांना सहा तास दिले, त्यांनाही नाही. तरी घातला. अकरा मुलांनी पूर्ण सोडवला. टेरेन्स ताओ नावाच्या मुलाला मात्र त्यात सातापैकी एक गुण पडला. बाकीच्या प्रश्नांवर त्याने सुवर्णपदक मिळवलं, नुकतंच तेरावं वर्ष पूर्ण होताना. इतक्या लहान वयात ते आजवर दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. २००६ मध्ये त्याला गणितातलं सर्वोच्च समजलं जाणारं फील्ड्स पदक मिळालं.

इराणची मरियम मिर्झाखानी १९९५ मध्ये बेचाळीसपैकी बेचाळीस घेऊन आली. त्याआधी शाळेत एके वर्षी बाईंना वाटलं होतं, की हिला गणितात फारशी गती नाही, आणि तिनेही नाद सोडला होता. तिला लेखिका व्हायचं होतं. २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री.

टॉयलेट पेपर, बक्षीस आणि बहामा

कागद सात-आठपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. कॅलिफोर्नियातल्या ब्रिटनी गॅलिवनने शाळेत असताना जादा गुणांसाठी हे अंगावर घेतलं. जाडी आणि लांबी यांचं सूत्र काढलं, आणि जानेवारी २००२ मध्ये सुमारे १२०० मीटर लांब टॉयलेट पेपर बारा वेळा दुमडला.

न्यू ऑर्लिन्सच्या कॅल्सिया जॉन्सन आणि नेकाया जॅक्सन या शाळकरी मैत्रिणींनी पायथागोरसचं प्रमेय त्रिकोणमितीने सिद्ध केलं. सुरुवात झाली शाळेतल्या ५०० डॉलर बक्षिसाच्या प्रश्नाने. अशी सिद्धता अशक्य आहे, असं एका जुन्या नामांकित पुस्तकात ठासून म्हटलं होतं. (२००९ मध्ये एकाने ते खोडलंही होतं, पण ते फार कोणी ऐकलं नाही.) २०२४ मध्ये या दोघींचा लेख प्रतिष्ठित नियतकालिकात आला. त्यात पाच सिद्धता, आणि आणखी पाच सापडतील अशी युक्ती.

आणि सगळ्यांवर कडी हॅना कैरोची. बहामात वाढली, शाळा घरातच. पुढे बर्कले विद्यापीठातल्या एका वर्गात प्राध्यापकांनी गृहपाठाला एका जुन्या अटकळीचं सोपं रूप दिलं. हॅना थांबलीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, सतराव्या वर्षी, तिने प्रतिउदाहरण देऊन चाळीसेक वर्षांची मिझोहाता-ताकेउची अटकळ खोटी पाडली. ना शाळेचा दाखला, ना पदवी. मेरीलँड विद्यापीठाने तिला थेट पीएच.डी.ला घेतलं.

आपल्याकडे अशी पोरं नाहीत असं नाही. पण आठवीत अकरावीचं, अकरावीत बी.एस्सी.चं उरकणं याला आपण प्रगत गणित समजतो. अमेरिकेत हाच रोग वाढला, तेव्हा तिथल्या गणित शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०१२ मध्ये संयुक्त पत्रक काढून सांगितलं, की बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय नव्हे. वरच्यांपैकी कोणालाही अभ्यासक्रम लवकर संपवायची घाई नव्हती. एक पुस्तक, एक भिंत किंवा एक प्रश्न पुरला, आणि तो वर्षभर चघळायची मोकळीक. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ पासून आहे, श्रीराम अभ्यंकरांनी काढलेलं. शनिवार-रविवारी पोराला मॉलऐवजी तिथे नेलं तर चालेल.

घरी करून बघा

देवळालीच्या शाळेतले मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. त्यांचा ६१७४ हा आकडा मात्र १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरच्या लेखामुळे जगभर पोचला. चौथीच्या पोरालाही तो जमतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आला ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबता. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. दोन अंकी आणि पाच अंकी मात्र एका आकड्यावर थांबत नाहीत, ठरावीक आकड्यांच्या चक्रात फिरत राहतात. दोन अंकींचं चक्र दहा मिनिटांत सापडेल. पाच अंकींना दिवाळीची सुट्टी द्या, आणि उत्तर गूगलला विचारू नका.